एक माप लहान मागवू का?

‘ताई, माझं लग्न सात महिन्यांवर आलंय. गेल्या रविवारी आई आणि वहिनीबरोबर लग्नाचा ड्रेस बघायला गेले. दुकानातल्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “तुमच्या मापात दोनच आहेत.” ते दोन्ही मला आवडले नाहीत. जो आवडला, तो मांड्यांच्या वर चढेना. मग तिने तो माझ्या अंगापुढे धरला आणि म्हणाली, आता आरशात बघा, अंदाज येईल. मागून आई म्हणाली, “सात महिने आहेत, दहा किलो सहज उतरतील.” वहिनीचं म्हणणं, ड्रेस एक माप लहानच मागवावा, म्हणजे धाक राहील. होणारा नवरा म्हणतो, तू काहीही घाल, छानच दिसशील. घरी आल्यापासून मला ड्रेसचा विषयच नको झालाय. लहान माप मागवू का? की गडद रंगाचा साधासा काहीतरी घेऊन मोकळी होऊ?’

प्रिय मैत्रिणी,

वहिनीच्या सूचनेचं उत्तर सगळ्यात आधी देते, कारण तुझी ऑर्डर जायच्या आत ते तुझ्यापर्यंत पोचायला हवं. लहान माप मागवू नकोस. तुझं आजचं जे माप आहे, त्यावरच ड्रेस मागव.

हे सदर लिहायला लागण्याआधी अठरा वर्षं मी लग्नाचे कपडे दुरुस्त करायचं काम केलं. आत घेणं, लांबी कमी करणं, उसवून पुन्हा बसवणं. सैल कपडा आत घेता येतो, त्याला फक्त वेळ आणि सुई लागते. घट्ट कपडा बाहेर काढायचा तर शिलाईच्या आत कापड दाबून ठेवलेलं असावं लागतं, आणि तयार ड्रेसमध्ये ते फार थोडं असतं. लग्नाला आठ दिवस राहिले असताना माझ्याकडे एक मुलगी आली होती, एक माप लहान मागवलेला ड्रेस घेऊन. चेन खांद्याच्या पातीखाली येऊन थांबत होती. मी कडेची शिलाई उसवली. आत दीड-दीड सेंटीमीटर दाब होता. दोन्ही बाजूंचे मिळून चार पदर, प्रत्येकातून एक सेंटीमीटर सोडला, म्हणजे चार सेंटीमीटर. लागत होते नऊ. शिवाय ते सॅटिन होतं. सॅटिनची शिलाई उसवली की जुन्या सुईची भोकं तशीच राहतात, ओळीने, बारीक टोचल्यासारखी, आणि घडीची रेघ इस्त्रीनेही पूर्ण जात नाही. शेवटी मी चेनच काढून टाकली, पाठीला दोन्हीकडे नाड्या ओवायच्या फाशा लावल्या आणि मागे झाकायला पट्टी जोडली. त्या पट्टीचं कापड ड्रेसच्याच तळातून काढलं, कारण लांबी कमी करायचीच होती. ड्रेस छान झाला. पण ट्रायलला उभी असताना ती मुलगी मला म्हणाली, दोन महिने मी पोटभर जेवले नाही हो. ते वाक्य मी विसरले नाही. तुझं पत्र वाचताना तेच पहिलं आठवलं.

वजनाबद्दल मी डॉक्टर म्हणून बोलू शकत नाही, पण जे बघितलंय ते सांगते. सात महिन्यांत दहा किलो हा आकडा कागदावर काही भयंकर नाही. घडतं असं, की पहिले पाच महिने निमंत्रणं, खरेदी, नोकरी यात निघून जातात आणि मग शेवटच्या सहा आठवड्यांत घाबरून उपास सुरू होतात. आठवड्याला साधारण दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. हे वैद्यकशास्त्रात चांगलं माहीत असलेलं आहे. तुला तुझ्या तब्येतीसाठी चालायचं असेल, खाणं बदलायचं असेल, तर जरूर बदल, डॉक्टरांना विचारून बदल. फक्त त्याची गाठ ड्रेसशी मारू नकोस. वजन उतरलंच तर ड्रेस एक-दोन मापांपर्यंत नीट आत घेता येतो. त्याहून जास्त घेतला तर गळ्याचा आकार आणि लेसची नक्षी बिघडायला लागते, पण तेवढा प्रश्न आला तर तो कारागिराच्या हातातला प्रश्न आहे. लहान मागवलेला ड्रेस मात्र सात महिने कपाटात लटकून रोज तुझी परीक्षा घेत राहील. लग्नाच्या आधीच्या दिवसांत एवढं तरी कुणी आपल्याला करू नये.

आता त्या दुकानात काय झालं, ते बघू. तू ते स्वतःवर घेतलं आहेस, म्हणून सविस्तर सांगते.

लग्नाच्या ड्रेसच्या दुकानात जे ड्रेस टांगलेले असतात ते बहुतेक नमुने असतात. विकायचा ड्रेस ऑर्डर दिल्यावर येतो. नमुना प्रत्येक डिझाइनचा एकच ठेवतात, आणि तो बहुधा लहान किंवा मध्यम मापाचा असतो. बारीक मुलीला तो सैल होतो, मग पाठीमागे क्लिपा लावून तिला बसवून दाखवतात. म्हणजे तिलाही तो बसत नाहीच. फरक एवढाच, की तिच्यासाठी क्लिपा तयार असतात आणि तुझ्यासाठी तयारी केलेली नसते. तयारी करता येते. पाठ उघडी ठेवून, मागे इलॅस्टिकची किंवा कापडाची पट्टी क्लिपांनी जोडून मोठ्या अंगावरही लहान नमुना चढवता येतो. समोरून बघितलं की गळा कसा पडतो, रंग चेहऱ्याला कसा दिसतो, कापडाचं वजन किती, हे सगळं कळतं. अंगापुढे धरून यातलं काहीही कळत नाही. आणि मांड्यांवर चढत नव्हता म्हणतेस, तर तो पायातून घालायला दिला असणार. ज्यांचा कमरेखालचा भाग छातीपेक्षा रुंद आहे त्यांनी ड्रेस डोक्यावरून घालायचा, हात वर करून, आणि दोघींनी घेर धरून खाली सोडायचा. त्या मुलीला हे कुणी शिकवलं नसेल. तरी ते तिचं काम होतं, आणि ते न येण्याचं ओझं तू घरी घेऊन आलीस.

म्हणून पुढच्या वेळी आधी फोन कर. विचार, घालून बघायला सगळ्यात मोठा नमुना कोणत्या मापाचा आहे, आणि त्याची छाती-कंबर सेंटीमीटरमध्ये किती. नुसतं ‘मोठी मापं आहेत’ एवढ्यावर जाऊ नकोस. माझ्या मापाने कापून देता की जवळच्या तयार मापात देता? मोठ्या मापाला वेगळे पैसे लावता का, आणि दुरुस्तीचे पैसे यातच की निराळे? शिलाईत दाब किती ठेवता? शेवटचा एक प्रश्न जरूर विचार: मोठ्या मापांसाठी तुमचा खाका, म्हणजे कापड बेतायचा कागदी आराखडा, वेगळा काढलेला आहे का? बहुतेक ठिकाणी एका मध्यम मापाचा खाका काढतात आणि प्रत्येक पुढच्या मापाला ठरावीक सेंटीमीटर वाढवत नेतात. पण अंग असं सगळीकडून सारखं वाढत नसतं. खांद्याचं हाड आहे तेवढंच राहतं. म्हणून वाढवत नेलेला ड्रेस खांद्यावरून घसरतो, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, काखेखाली लोंबतो आणि छातीवर मात्र ताणून बसतो. अशा वेळी बाई आरशात बघून म्हणते, माझं अंगच विचित्र आहे. ते अंग नसतं, खाका असतो. या प्रश्नाला जिथे नीट उत्तर मिळेल तिथे आधी जा. फोनवर कुणी चाचरलं किंवा आवाज बदलला, तर ते दुकान यादीतून काढून टाक. तुझा एक दिवस वाचला.

मापाच्या आकड्याबद्दलही थोडं सांगते. लग्नाच्या ड्रेसचे तक्ते रोजच्या कपड्यांच्या तक्त्यांपेक्षा बहुधा एक-दोन मापं लहान चालतात, म्हणजे रोज जो आकडा घालतेस त्याच्या पुढचा आकडा तुला सांगितला जाईल. दचकू नकोस. हे आकडे कुठून आले ते बघितलं की त्यांची भीती कमी होते. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने तयार कपड्यांसाठी सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घ्यायला लावली आणि १९४१ मध्ये ती प्रसिद्ध केली. शेवटच्या हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं धरली होती. त्या कामाचा आधार घेऊन १९५८ मध्ये सरकारी प्रमाण ठरलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं, कारण बाजारात ते कुणी पाळतच नव्हतं. ज्या देशात एवढी मोजणी झाली तिथेही शेवटी प्रत्येक कंपनी आपापला तक्ता छापत राहिली. तेव्हा लेबलवरच्या आकड्याला तुझ्याबद्दल काहीच माहीत नाही. आकडा नकोसा वाटत असेल तर लेबल कापून टाकायला सांग. मी कितीतरी जणींचं कापून दिलंय.

तुझी खरी मापं सेंटीमीटरमधली. छाती सगळ्यात भरलेल्या जागी, छातीच्या खाली, कंबर जिथे वाकल्यावर घडी पडते तिथे, आणि सीट, म्हणजे कमरेखाली सगळ्यात रुंद भाग. याखेरीज दंडाचा घेर, जो घ्यायला सगळे विसरतात, आणि गळ्याच्या खळगीपासून जमिनीपर्यंतची लांबी, त्या दिवशी घालायच्या चपला घालून. मापं घेताना आत तेच कपडे असू देत जे लग्नाच्या दिवशी असतील. श्वास धरू नकोस, पोट आत ओढू नकोस. मग तक्त्यात जे माप सगळ्यात मोठं येईल, त्यावर ड्रेस मागवायचा. कंबर एका रकान्यात आणि सीट पुढच्या रकान्यात आली तर पुढचा रकाना. बाकीचं आत घेता येतं.

ड्रेस कोणता, हे मी सांगणार नाही. मोठ्या अंगाला अमुकच कट, तमुक नको, अशा याद्या मला आवडत नाहीत. त्या सगळ्या एकाच गोष्टीवर उभ्या असतात, की तुला लपवायचं आहे. लपवायला म्हणून घेतलेल्या चुण्या, झालरी आणि जाळीचे थर वजनाला जड असतात, त्यात घाम येतो, आणि बाई दिवसभर कपड्याच्या आत हरवून जाते. तुला जो आवडला होता, तो कसा होता ते तू पत्रात लिहिलंच नाहीस. ते आठव. गळा आवडला होता की बाही, की कापडाची चमक? तिथून सुरुवात कर. त्याच्या आतलं काम कसं असावं, हे मात्र मी हक्काने सांगते, कारण भरलेल्या अंगावर ड्रेस सुखाचा होतो तो आतल्या कामामुळे.

आतून ड्रेस उलटा करून बघ. कमरेच्या जागी दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची एक पक्की पट्टी शिवलेली असते, तिला मागे वेगळे हुक असतात. चेन लावण्याआधी ते हुक लावायचे. घेराचं सगळं वजन मग कमरेवर पेललं जातं. ही पट्टी नसेल तर जड घेर वरचा भाग खाली ओढत राहतो आणि लग्नात बाई पाच-पाच मिनिटांनी दोन्ही हातांनी ड्रेस वर खेचताना दिसते. ज्यांची छाती जड आहे त्यांना हा त्रास सगळ्यात जास्त. पट्टी नसेल तर कोणताही बरा शिंपी अर्ध्या दिवसात बसवून देईल. मग अस्तरावरून बोटं फिरव. छातीपासून कमरेपर्यंत लवचिक कांड्या लागायला हव्यात, त्यांची टोकं मऊ कापडात बांधलेली हवीत, नाहीतर बसल्यावर फासळीत टोचतात. पाठीला चेनऐवजी नाड्या असतील तर मला स्वतःला ते जास्त आवडतं. सकाळी अंग वेगळं असतं, जेवल्यावर वेगळं, संध्याकाळी पाय-पोट सुजलेलं असतं. नाडी दोन-चार सेंटीमीटर सैल करता येते, चेन करता येत नाही.

बाही हवी असेल तर हात वर करून बघ, कुणाच्या तरी गळ्यात पडून बघ. हात खाली असताना बसलेली बाही मिठी मारताना काखेत फाटते. त्यावर उपाय सोपा आहे, काखेत कापडाचा लहान चौकोन जोडतात, तो कुणाला दिसतही नाही. आणि ‘दंड दिसतात म्हणून बाही’ एवढंच कारण असेल तर एकदा बिनबाहीचाही घालून बघ. मग ठरव.

आत घालायच्या घट्ट कपड्यांबद्दल एक सावधगिरी. तेही आपल्या मापाचेच घ्यायचे. लहान घेतले तर वरची कड गुंडाळून खाली येते आणि कमरेवर दोरीसारखी बसते. आधी घरी तीन-चार तास घालून, बसून, जेवून बघ. छातीत जळजळ झाली किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या, बधिरपणा आला, तर काढून टाक. कमरेजवळची नस दाबली गेली की तसं होतं. काही घातलंच पाहिजे असंही नाही. मांड्या घासू नयेत म्हणून पातळ, गुडघ्याच्या वर येणारी चड्डी मात्र जरूर घाल. मांड्या कितीतरी जणींच्या घासतात, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मग लग्नाच्या रात्री कातडी सोललेली असते.

वेळेचं म्हणशील तर सात महिने पुरेसे आहेत, पण सैल नाहीत. मागवलेला ड्रेस यायला चार-पाच महिने सहज जातात. तेव्हा येत्या महिन्यात ऑर्डर जाऊ दे. लग्नाच्या दोन महिने आधी पहिली ट्रायल, शेवटची साधारण दहा दिवस आधी. ट्रायलला खुर्ची मागून घे. उभ्याने सगळेच ड्रेस बसतात. बसून दोन-चार सेंटीमीटर अंग पसरतं, आणि त्या दिवशी तू कितीतरी तास बसलेली असणार आहेस. दहा मिनिटं बस, वाकून चपलेला हात लाव, जिना चढून ये.

गडद रंगाचा साधा ड्रेस घेऊन मोकळी होऊ का, असं विचारलंस. गडद रंग तुला मनापासून आवडत असेल तर आनंदाने घे. पण तुझ्या वाक्यात आवड कुठे दिसली नाही, दमलेपण दिसलं. दमलेपणात घेतलेला ड्रेस नको. पंधरा दिवस हा विषय बंद ठेव आणि मग एकाच माणसाबरोबर जा. ज्याच्यासमोर तुला कपडे बदलायला संकोच वाटत नाही, असं माणूस. त्या दुकानात काय झालं ते होणाऱ्या नवऱ्यालाही सांग. ‘काहीही घाल’ हे तो प्रेमाने म्हणाला असेल, पण तुझ्यावर काय गुदरलं हे त्याला माहीत नाही, म्हणून त्याला इतकं सोपं वाटतं.

राहिली आई. तिचं ते वाक्य तुला लागलं, आणि लागण्यासारखंच होतं. मला वाटतं, आरशासमोर तुझा चेहरा उतरलेला तिने बघितला आणि तिला सुचला तो उपाय ती बोलून गेली. तिला दुकानात उत्तर देण्यापेक्षा घरी, एखाद्या निवांत संध्याकाळी सांग: ‘आई, ड्रेस आजच्या मापावर मागवायचं मी ठरवलंय. त्या दिवसापर्यंत माझ्या वजनाबद्दल आपण दोघी बोलायचं नाही.’ एवढंच. वाद घालू नकोस, कारणं देत बसू नकोस. आणि मग मापाची टेप तिच्या हातात दे. स्वतःची मापं स्वतःला नीट घेता येत नाहीत, पाठीमागे टेप तिरकी होते. दुसरं माणूस लागतंच. टेप घट्ट ओढायची नाही, खाली एक बोट जाईल एवढी सैल ठेवायची, हे तिला सांग, आणि प्रत्येक माप दोनदा घ्यायला लाव. वहीत लिहून काढ, खाली तारीख टाक.

तुझी,
ताई